भरल्या श्वासाचं माप

सुमनबाय, तुझा ब्लाउज कापून पडला आहे. पुढचे भाग, पाठ, बाह्या, गळ्याची पट्टी, सगळं एका चिंधीने बांधून मशीनच्या डाव्या हाताला ठेवलंय. हिरवा खण, माझ्या केतकीच्या हळदीसाठी तू स्वतः निवडलेला. कापलेलं कापड दुकानदार परत घेत नाही आणि तुझ्या मापाचं दुसऱ्या कुणाला जसंच्या तसं होत नाही. त्यामुळे ते तिथेच आहे. सकाळी दुकान उघडलं की मी ते उचलते, खालची धूळ पुसते आणि परत ठेवते. शिवायचंही नाही आणि टाकायचंही नाही, असं काम माझ्या दुकानात यापूर्वी कधी आलं नव्हतं.

तुझं लोखंडी स्टूलही आहे. कुठेही गेलीस तरी बसण्याआधी तू खुर्ची हाताने दाबून बघायचीस. लग्नघरी प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या की "मना खालीच बरं वाटतं" म्हणत सतरंजीवर बसायचीस. बरं वगैरे काही वाटत नव्हतं, गुडघ्यावर हात देऊन उठताना तुझं तोंड मी बघितलंय. म्हणून मी वेल्डरकडून ते स्टूल करून घेतलं. तू ते दाबून बघितलंस, हललं नाही. मग बसलीस आणि म्हणालीस, "यो मोडला तर चूक वेल्डरची, माजी नाय." आता गिऱ्हाइकं त्याच्यावर बसतात. मी कुणाला ऊठ म्हणत नाही. पण तेवढा वेळ माझं कामात लक्ष लागत नाही.

मी लोकांची मापं साध्या, सोडलेल्या श्वासावर घेते. तुझ्या एकटीचं माप भरल्या श्वासावर. आठवतंय ना ते कसं ठरलं? मी नवी नवरी, कोन गावातल्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. मोठ्या जावेवर छाप पाडायची म्हणून मी तुला ब्लाउज शिवून दिला. अगदी बेतशीर. तू तो घालून हळदीला गेलीस, मांडवात उभी राहिलीस, पहिल्या धवल्याला, हळदीच्या पहिल्या गाण्याला, श्वास भरलास आणि दोन हूक तटातट उडाले. एक म्हणे वरमाईच्या ताटात पडला. तू पदर ओढून घेतलास आणि गाणं न तोडता पुढे म्हणत राहिलीस. घरी येऊन मला म्हणालीस, "शैले, मी धवलारीन हाय, पोष्टातली बाई नाय. श्वास भरलाय तवा टेप लाव."

तेव्हापासून आपलं ठरलेलं. मी टेप लावायची, "भर" म्हणायची, तू छाती भरायचीस आणि टेप माझ्या बोटांतून सरसर सरकायचा. इतका की दर वेळी मला हसू यायचं. एवढी हवा या बाईत मावते कुठे?

केतकीच्या होणाऱ्या सासरची माणसं मूळची साताऱ्याकडची, आता खारघरच्या टॉवरमध्ये राहणारी. त्यांना धवलारीण म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. मी सांगितलं, आमच्या आगऱ्यांत भटजी असो नसो, धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं आणि ते तिला तोंडपाठ असतं. ती म्हणते आणि मागची बाई तिची ओळ झेलते. विहीणबाईंनी विचारलं, "मग माईक लावायचा का?" तू शेजारीच होतीस. म्हणालीस, "माईक लागतं ती धवलारीन कसली?" मी तुला चिमटा काढला. तू मोठ्याने म्हणालीस, "चिमटा कनाला काढतंस?"

त्या बोलण्यानंतर तू दुकानात आलीस, मापाला. अंगात कणकण आहे, खोकला आहे म्हणालीस. बाजारातून चालत आल्याने धाप लागली होती, पण ती तर तुला कायमच लागायची. मी टेप लावला आणि म्हटलं, भर. तू खांदे वर घेतलेस, मान ताणलीस. टेप जागचा हलला नाही.

मी म्हटलं, "अगं, भर ना."

"भरलाय की."

मी म्हटलं, पुन्हा. तू पुन्हा खांदे उचललेस. टेप जवळजवळ तसाच. मी तो गळ्यात अडकवला आणि म्हटलं, "दुकान बंद करते. डॉक्टरकडे चल." आणि तिथून आपलं ते भांडण सुरू झालं, जे आपण इतकी वर्षं करत आलो होतो.

"त्यो मना कवा बगतं? त्यो काट्यालाच बगतं."

"वजन वाढलंय ते खोटं आहे का?"

"कान दुखत व्हता म्हनून गेली, तर म्हनला वजन कमी करा. मी म्हटलं, कान काढून काट्यावर ठेवू का?"

"तो तुझ्या भल्याचंच सांगतो."

"सांगू दे ना. आदी कानात बगून सांगू दे."

गावातला डॉक्टर वाईट माणूस नाही. पण तू दारात दिसलीस की त्याचं तोंड सुरू व्हायचं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ते ऐकू जायचं. म्हणून तू जाणंच सोडलंस. ताप आला की काढा, कंबर धरली की शेक, धाप लागली की "वजनामुलं हाय".

माझी बाजू तुला माहीत आहे, तरी परत सांगते. मी तुला सकाळी चालायला चल म्हणायचे, भात कमी कर म्हणायचे. तू बसल्या बसल्या झोपतेस आणि घोरताना मधेच श्वास अडकतो, ते दाखवून घे म्हणायचे. तू म्हणायचीस, "अंगात हाय म्हनून गल्यात हाय. सुक्या काटकीला धवला जमलाय कदी?" आणि माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकायचीस. न विचारता. नको म्हटलं तर अर्धी मोडून तरी टाकायचीसच. करंज्याहून तुझ्या माहेरचा सुका बोंबील आलेला असायचा, तांदळाची भाकरी मऊ लुसलुशीत असायची, आणि मी भांडता भांडता ती खायचे. मला वजनाचं सांगणारी बाई मला खाऊ घालून जिंकायची. छे, उलटं लिहिलं. सांगणारी मी होते. जिंकायचीस तू.

त्या दिवशीही तूच जिंकलीस. "परवाची हलद झाली का जाऊ" म्हणालीस. शब्द दिला होतास, शेजारच्या गावातलं लग्न होतं. धवलारीण ऐन वेळी येत नाही म्हणाली तर त्या घराने करायचं काय, हे मलाही कळतं. तू घरी गेलीस, मी मागच्याच भरल्या मापावर तुझा खण कापला. संध्याकाळी मी तुझ्या यजमानांना, दादांना, फोन करून सांगितलं, हिला घेऊन जा. ते म्हणाले, "तुझं ऐकत नाही, माझं ऐकेल?"

त्या हळदीला मी नव्हते. तिथे काय झालं ते मला चांगुणाने सांगितलं. तुझ्या मागे उभी राहून इतकी वर्षं तुझी ओळ झेलणारी चांगुणा, जी तुझ्याच अंगाची आणि जिला तू "माजी सावली, पन माज्यापेक्षा जाडी" म्हणायचीस.

तू दोन धवले म्हणून खाली बसलीस. घाम फुटला होता. त्या घरात म्हाताऱ्या सासऱ्यांसाठी ते बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र होतं, सुनेने ते आणून तुझ्या बोटाला लावलं. आकडा नव्वदच्या खाली. सून घाबरली. तू तुझं बोट तिच्यासमोर धरलंस, नखापर्यंत पिवळं. "हलदीचा हात हाय यो. त्या डबीला हलद कलतंय का?" सगळ्या बाया हसल्या. बोट धुऊन परत लावलं. तोच आकडा. दुसरं बोट लावलं, तेही पिवळंच होतं. कुणीतरी म्हणालं, मेंदीच्या हातालाही ते चुकीचं दाखवतं. मग एक म्हातारी म्हणाली, बाईचा आवाज बघा कसा खणखणीत आहे, हिच्या छातीला काय होणार! आणि तू उठून तिसरा म्हटलास.

सुमनबाय, त्या मांडवात कुणी वेडं नव्हतं. हळदीत हात पिवळे होतातच. जाड माणसाला धाप लागतेच. आणि तुझा आवाज तर खरोखरच खणखणीत होता. या सगळ्या खऱ्या गोष्टींच्या आड तुझा न्यूमोनिया लपून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू भिंतीला टेकून बसलेली होतीस. आडवं होता येत नव्हतं. ओठ काळपट. मी गाडी बोलावली. खारघरच्या हॉस्पिटलात जाईस्तोवर तू एकदाच बोललीस. "काट्यावर उभं करतील काय गं?" मी म्हटलं, "कुणी केलंच तर आधी मी उभी राहते." तू हसलीस, आणि त्या हसण्याने तुला एवढा खोकला आला की मी तुझी पाठ चोळत राहिले.

तिथल्या डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो दाखवला. फ्लू झाला होता, तो फुप्फुसात उतरला होता. मी विचारलं, घरात सगळ्यांनाच सर्दी-ताप झाला, आम्ही बरे झालो, मग हिलाच का? त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. म्हणाले, पोटाचा घेर मोठा असला की माणूस आडवं झाल्यावर पोट वर सरतं, छातीच्या खालच्या पडद्याला खाली यायला जागा मिळत नाही. फुप्फुसाचा तळ नीट उघडत नाही. एरवी ते निभावून जातं. संसर्ग झाला की हाताशी शिल्लक काही राहत नाही. शिवाय चरबी नुसती पडून नसते, अंगात बारीक सूज पेटती ठेवते, त्यामुळे असा आजार अशा माणसांना जास्त जोरात धरतो. मी विचारलं, म्हणजे वजनामुळे? ते म्हणाले, "वजनामुळे धोका वाढला. पण वजन असलेली खूप माणसं यातून उठतात. वेळेवर आली तर." शेवटचे तीन शब्द ते हळू बोलले.

तुला मास्क लावला होता. त्याचे पट्टे तुझ्या गालांवरून सारखे सरकायचे, नर्स सारखी नीट करायची, आणि तू भुवया उडवून मला विचारायचीस, मोठ्या मापाचा नाही का? मी म्हटलं, शिवून आणते. मग तुला पालथं झोपवायचं ठरलं, त्याने फुप्फुसाला जागा मिळते म्हणे. त्यासाठी माणसं कमी पडली म्हणून दुसऱ्या वॉर्डातून आणखी बोलावली. तू शुद्धीवर होतीस. मला ठाऊक आहे, मास्क नसता तर तू काय म्हणाली असतीस. करंज्याला होडी किनाऱ्यावर ओढायला एवढीच लोकं लागतात. पण माणसं चांगली होती. एकाने तुझा हात अंगाखाली अडकू नये म्हणून तो शेवटपर्यंत धरून ठेवला होता. मी बघितलं ते.

घशात नळी घालायच्या आधी तू मास्क बाजूला केलास. नर्स ओरडली. तू तिला हाताने थांब म्हणालीस, जशी मांडवात बायांना थांबवायचीस, आणि ती चक्क थांबली.

"हलद पुढं ढकलू नका," तू म्हणालीस. एकेका शब्दाला श्वास घेत. "चांगुनाला घे. तिचा ताल सुटतं, शबुद सुटत नाय."

मी म्हटलं, बरं. मास्क लाव.

"आनि पोटभर जेवू घाल तिला. उपाशी गानारीचा आवाज फाटतं."

हेच तुझं शेवटचं बोलणं. भांडणाचा शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवून गेलीस.

तू गेल्यावर दिवसांना आलेल्या बायका एकच बोलत होत्या. वजनच एवढं होतं, काय करणार! मी चहा देत होते, देतच राहिले. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "वजन होतं. पण ती उशिरा गेली हॉस्पिटलात. आणि ती डॉक्टरकडे जात का नव्हती, ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. तिच्या वजनावर हसायला आपण सगळ्या होतो." मग एकीने तुझं एक गमतीचं सांगितलं आणि सगळ्या रडल्या. बरं झालं. मला त्या दिवशी रडायला वेळ नव्हता.

तेराव्यानंतर दादा म्हणाले, वर्षभर थांबू. मी तुझा निरोप सांगितला. केतकी म्हणाली, "मोठीआई बोलली ना? मग ठरलं. पण डीजे नको." विहीणबाईंनी मान्य केलं. बँडही नको, वरातही नको. राहिला फक्त धवला. आणि तो सगळा येणारी आता या पंचक्रोशीत माझ्या माहितीत एकच बाई, चांगुणा. तुझी केतकी, जिच्या बारशालाही तू गायलीस, तिची हळद मुकी लागणार की नाही, ते त्या एका छातीवर आलं.

चांगुणा भेटायला आली ती खोकत. जिन्यावर मधेच थांबली, कठड्याला धरून.

मी विचारलं, "ताप आहे का?"

"जरासा. दम तं वजनामुलंच लागतं."

सुमनबाय, तेच शब्द. मी म्हटलं, "चप्पल काढू नकोस. खाली उतर."

"कनाला?"

"डॉक्टरकडे."

"त्यो मना काट्यावर..."

"त्याच्याकडे नाही. पनवेलात दुसऱ्या बाई आहेत. आणि मी आत येणार आहे."

आत गेल्यावर मी खुर्चीत बसायच्या आधीच डॉक्टरबाईंना सांगितलं, "वजनाचं ती ऐकेल, पण शेवटी. आधी छाती तपासा." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं, आता बाहेर काढतात. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे," आणि नळी कानाला लावली. पाठीवर बराच वेळ ऐकलं. बोट धुऊन, पुसून यंत्र लावलं. फोटो काढायला पाठवलं. डाव्या फुप्फुसाच्या तळाला डाग होता, लहान. म्हणाल्या, "आज आणलंत, म्हणून घरी औषध देते. आठवडाभर उशीर केला असता तर माहीत नाही." सगळ्यात शेवटी, दार बंद करून, त्या वजनाचं बोलल्या. रोज थोडं चालणं, झोपेतल्या घोरण्याची तपासणी, बरी झाल्यावर फ्लूची लस, दर वर्षी. चांगुणा मान हलवत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "ही बाई हलू बोलतं." म्हटलं, हो. "मग येईन परत."

एवढंच लागत होतं, बाय. कुणीतरी हळू बोलणारं. तुला ते मिळालं असतं तर तू माझ्यावर हसली असतीस आणि गेली असतीस. मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

चांगुणाला ती बरी होईपर्यंत मी घरी ठेवून घेतलं. तू सांगितलं होतंस जेवू घाल, तर घातलं. कालवण, भाकरी, थोडा भात. दुसरी भाकरी संपली की ती ताटाकडे बघत बसायची, तुझ्या हाताची वाट बघत असल्यासारखी. मग माझ्याकडे बघायची. मी भाकरी घ्यायची, मधोमध मोडायची, अर्धी तिला, अर्धी मला. आपलं भांडण मी त्या अर्ध्या भाकरीवर मिटवून टाकलंय. तू असतीस तर ते मिटलं नसतं. तू असतीस तर मलाही ते मिटायला नको होतं.

दुपारी घर रिकामं झालं की ती ओसरीवर बसून धवले म्हणते. सुरुवातीला ओळ अर्ध्यात तुटायची. आता पुरी होते. पण एक सवय तिची जात नाही. ओळ म्हणून झाली की ती थांबते, बाजूला बघते. इतकी वर्षं ती झेलणारी होती ना, पहिली ओळ तुझी असायची. आता पहिली तिची आणि झेलायला कुणी नाही. परवा मी स्वयंपाकघरातून ती ओळ झेलली. बेसूर. चांगुणा एवढी हसली की तिला खोकला येईल म्हणून मी पाणी घेऊन धावले. खोकला आला नाही.

आज ती दुकानात आली. तुझं स्टूल आधी हाताने दाबून बघितलं, मग बसली. मी चिंधी सोडली, तुझा खण समोर पसरला.

"यो सुमनबायचा ना?"

"हो."

"मना नको गं. तिचा हाय."

"तिच्या केतकीच्या हळदीलाच जाणार आहे तो. आजारपणात उतरलीस तू, आत घ्यावा लागेल थोडा. ऊठ, माप दे."

ती उठली, हात बाजूला केले. मी टेप लावला. मला वाटलं होतं साधं माप घेईन, तिचं नेहमी तसंच घेते. पण ती आता पुढे उभी राहणार आहे, मागे नाही. म्हटलं, "भर."

तिने श्वास भरला. टेप माझ्या बोटांतून सरकला, सुमनबाय. थांबला नाही, सरकत राहिला.

माप मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी मी म्हटलं, पुन्हा भर.